दाबलं की झिजतं

ऑफिसात तिला सगळे कार्डताई म्हणत. खरं म्हणजे तिच्याकडे एकही कार्ड नव्हतं. हातात धरावं, पाकिटात खोचावं, सापडेना म्हणून घर डोक्यावर घ्यावं, असं एकही नाही. तिची सगळी कार्डं पडद्यावर. सोळा आकडे, मुदतीची तारीख, मागचे ते तीन गुप्त आकडे आणि वर एक नाव. प्लास्टिकचा तुकडासुद्धा नाही, पण त्यातून जाणारे पैसे अगदी खरे.

कंपनीचं काम लोकांच्या जाहिराती इंटरनेटवर लावायचं. दातांचे डॉक्टर, गादीवाले, गाडी शिकवणारे, कुत्र्यांचे केस कापणारे, सगळे. कोणी फोनवर काही शोधलं की वर जाहिरात दिसायची. त्यावर बोट दाबलं की ज्याची जाहिरात त्याचे थोडे पैसे जायचे. ते जायचे कार्डातून. प्रत्येक जाहिरातीला वेगळं कार्ड आणि प्रत्येक कार्डाला महिन्याची मर्यादा, म्हणजे गादीवाल्याचे पैसे संपले तरी दातांच्या डॉक्टरांची जाहिरात चालू राहते. कुठून आकडे चोरीला गेलेच, तर तेवढंच एक कार्ड मारून टाकायचं. 'मारून टाकायचं' असंच म्हणत तिथे. नवीन माणूस पहिल्या दिवशी दचकायचा, दुसऱ्या दिवसापासून स्वतःच म्हणायला लागायचा.

'आपोआप' हा साहेबांचा लाडका शब्द. गिऱ्हाईक समोर बसलं की साहेब खुर्चीत मागे रेलून म्हणायचे, "तुम्ही काऽऽही करायचं नाही. सगळं आपोआप." हे काचेपलीकडून ऐकू आलं की कार्डताईच्या मानेत कळ यायची. कारण ते आपोआप म्हणजे ती होती. आपोआप चालणाऱ्या गोष्टीकडे कोणाला तरी डोळ्यांत तेल घालून बघत बसावं लागतं, हे साहेबांना कोणी कधी सांगितलं नव्हतं, आणि सांगण्याइतकी ताकद तिच्यात संध्याकाळपर्यंत उरायची नाही. कुठलं कार्ड नाकारलं गेलं, कुठल्याची मुदत संपत आली, कुठल्यावर बँकेला उगाच संशय आला. दिवसभर हेच. घरी गेल्यावर नवरा विचारायचा, "आज काय केलंस?" आणि तिला सांगता यायचं नाही. काही बंद पडू दिलं नाही, हे काम आहे, पण ते सांगण्यासारखं नाही.

आता त्या कार्डांच्या नावांचं सांगायचं. प्रत्येक कार्डाला नाव द्यावं लागतं, त्याशिवाय ते तयारच होत नाही. शहाणी माणसं गिऱ्हाइकाचं नाव देतील. या ऑफिसातली माणसं घाईत असत. सकाळी जाहिरात सुरू करायची, नाव नंतर देऊ म्हणून 'तात्पुरतं' असं लिहून मोकळं व्हायचं. असं करत करत यादीत 'तात्पुरतं', 'तात्पुरतं २', 'तात्पुरतं नवीन', 'तात्पुरतं खरं', 'तात्पुरतं हेच वापरा' अशी पलटण जमली होती. नीट नाव दिलेली कार्डं आली आणि गेली, गिऱ्हाइकं आली आणि गेली, जाहिराती सजवणारी तीन पोरं लग्नं करून दुसरीकडे गेली. तात्पुरती कार्डं जागची हलली नाहीत.

त्यातलं पहिलं, नुसतं 'तात्पुरतं', तिचं स्वतःचं होतं.

चोरीचा मामला नव्हता. साहेबांना विचारून केलं होतं; दर महिन्याला तेवढे पैसे तिच्या पगारातून कापले जात. ते कार्ड होतं तिच्या बाबांच्या दुकानाच्या जाहिरातीचं. बाबा शिलाई मशीन दुरुस्त करायचे. हयात त्यातच गेली. काही वर्षांपूर्वी जिन्यावरून पडून त्यांचा हात मोडला आणि दुकान काही आठवडे बंद राहिलं, तेव्हा घरी जे झालं ते आई अजून आठवून आठवून सांगायची. बाबा आईची चांगली चालणारी मशीन एका हातानं उघडायचे, परत जोडायचे, परत उघडायचे. जेवायला बोलावलं की "भूक नाही" म्हणायचे. पुढे पुढे ते मशीनही उघडेनासे झाले. नुसते भिंतीकडे तोंड करून बसायचे. हात बरा झाला, पण तोवर गिऱ्हाइकांनी दुसरीकडची वाट धरलेली. बाबा म्हणाले, आता किल्ली जागेच्या मालकाला देऊन टाकतो. तेव्हा तिनं घाईघाईत ही जाहिरात लावली, दोन-तीन महिन्यांपुरती, त्यांचा जम बसेपर्यंत. म्हणून नाव दिलं तात्पुरतं.

माणसं यायला लागली. कोणीतरी बाईंनी स्वतःचा फोन बाबांना दाखवला, "काका, तुमचं दुकान सगळ्यात वर येतं हो!" त्या दिवशी बाबांनी फोन करून तिला सांगितलं, "छकू, मी कोणाला सांगायला गेलो नव्हतो बघ. काम बोलतं." चाळिशी उलटलेल्या बाईला छकू म्हणणारा जगात तो एकच माणूस. ती म्हणाली, "हो ना बाबा." त्यानंतर खरं सांगायचं तोंड उरलं नाही.

आणि एक गोष्ट हळूहळू झाली, तिच्याही लक्षात न येता. आधी ती दर पंधरवड्याला दुकानावर जायची. दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. मग महिन्याला एकदा. मग मुलाची परीक्षा, नवऱ्याचं पाठीचं दुखणं, ऑफिसातली माणसं कमी झाली आणि तिघांचं काम तिच्या गळ्यात पडलं. जाणं होईना. पण दर एक तारखेला कार्ड भरायचं, जाहिरात सुरू व्हायची, माणसं दुकानावर जायची. आपल्या वाटचं काहीतरी तिकडे पोचतंय, असं तिला वाटायचं. आपोआप.

आईचा फोन आला तो बुधवारी, ती डबा खात असताना.

"ऐक, बाबांनी परत किल्ली द्यायचं काढलंय."

"का? काय झालं?"

"त्यांचं ते फोनमधलं नाव. गेले दोन-तीन महिने म्हणे आठवडाभर दिसतं आणि मग दिसेनासं होतं. म्हणतात, माझं काम उतरलं. हात आधीसारखा राहिला नाही, लोकांना कळायला लागलंय. या महिन्यात परत तसं झालं तर किल्ली देऊन टाकणार. अगं, मालकाला सांगूनही आलेत." मग आईनं आवाज बारीक केला. "मला त्या भिंतीची भीती वाटते गं."

कार्डताईनं डब्याचं झाकण लावलं. नाव का दिसेनासं होतं ते तिला चांगलं माहीत होतं. कार्डाची मर्यादा संपत होती. आधी महिनाभर पुरायचे ते पैसे आता आठवड्यात उडत होते. तिनं दोनदा मर्यादा वाढवली, तीही उडाली. आणखी वाढवायची तर घराचा हप्ता कशातून भरायचा हा प्रश्न होता. लोक बोट दाबत होते, भरपूर दाबत होते, आणि फोन मात्र एकही करत नव्हते.

या धंद्यात याला 'पोखरणं' म्हणतात. दुसऱ्याची जाहिरात आपल्या वर दिसते म्हणून कोणी डाव साधतो. रोज उठून त्या जाहिरातीवर दाबत बसतो, पाच जणांना दाबायला लावतो, आणि समोरच्याचे पैसे संपवतो. एकाच फोनवरून पुन्हा पुन्हा दाबलेलं आम्ही पैशांत धरत नाही, असं जाहिरातीची कंपनी सांगते. काही धरत नाही, काही धरते; आणि फोन वेगवेगळे असले की सगळंच धरते. कार्डताईनं असे पोखरणारे पुष्कळ पाहिले होते. गादीवाल्याला त्याचा सख्खा चुलतभाऊ पोखरत होता, ते तिनंच शोधून काढलं होतं.

जेवण तसंच टाकून ती पडद्याकडे वळली. सगळी दाबादाबी एकाच भागातून होती. बाबांच्या दुकानाच्याच भागातून. सकाळी दुकानं उघडायच्या सुमाराला सर्वात जास्त. फोन वेगवेगळे. तिच्या डोळ्यांसमोर लगेच पुलाखालचा तो दुसरा मशीनवाला उभा राहिला. काचेचं दुकान, रंगीत दिवे, जुनी मशीन घेऊन गेलं की "ही आता भंगारात घाला" म्हणून नवी गळ्यात मारणारा. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. किती दिवसांनी तिला कशाचा तरी असा खरा राग आला होता. दमलेल्या माणसाला रागही परवडत नाही, पण त्या दुपारी तिला तो बरा वाटला.

त्यातच साहेबांनी फर्मान काढलं. कार्ड देणारी कंपनी आता दर कार्डामागे पैसे मागायला लागली होती. "शनिवारपर्यंत ही तात्पुरती भानगड साफ करा. नाव द्या, नाहीतर मारून टाका. सोमवारी मला यादीत एकसुद्धा तात्पुरतं दिसता कामा नये."

"साहेब, पहिलं माझं आहे. वडिलांचं."

"मग नाव द्या ना ताई. इतकी वर्षं तात्पुरतं कसलं?" साहेब हसले आणि आपल्या कामाला लागले.

शनिवारी अर्धा दिवस असतो. ती साहेबांना सांगून जरा आधीच निघाली. दोन बस बदलल्या. दुसऱ्या बसमध्ये उभ्यानंच तिनं ठरवून टाकलं: आधी दुकानाच्या आसपास थोडं फिरायचं, पुलाखालच्या त्या माणसाला तोंडावर विचारायचं, त्याच्याकडचे फोन जाहिरातीतून बाद करून टाकायचे, आणि बाबांना काहीच कळू द्यायचं नाही. संध्याकाळपर्यंत कार्डाला छान नाव देऊन टाकायचं. बाबांचं आयुष्य परत आपोआप सुरू.

पण पाय आधी दुकानाकडेच वळले. कितीतरी महिन्यांनी येत होती.

दुकान तसंच होतं, एका इमारतीच्या जिन्याखाली, लांबोळकं. आत शिरलं की तेलाचा वास. भिंतीवर खिळ्यांना पट्टे लोंबकळत होते, फळीवर बॉबिनचे डबे, आणि जमिनीवर दोन्ही बाजूंना मशिनी, काही दुरुस्त होऊन न्यायला कोणी न आलेल्या. दाराजवळच्या खिळ्याला किल्ली टांगलेली. बाबा स्टुलावर बसले होते. हातात स्क्रू-ड्रायव्हर नव्हता, फोन होता. चष्मा कपाळावर चढवलेला, फोन नाकाला लावलेला.

"बाबा."

"अगं छकू!" ते एवढ्या जोरात म्हणाले की शेजारचा चपला-बूट शिवणारा डोकावून बघायला लागला. "आज कशी काय वाट चुकलीस? ये, ये, बस. वाळलीस किती! तुझ्या त्या ऑफिसात जेवायला देतात की नाही?"

"डबा नेते मी."

"नेत असशील. खातेस का?" त्यांनी दुसरं स्टूल फडक्यानं पुसलं. ते पुसताना तिला दिसलं की ते खरंच थकलेत. मान पुढे आली होती. मोडलेला हात जरा आखडूनच हलत होता. आणि तरी चेहऱ्यावर लहान मुलासारखी काहीतरी दाखवायची घाई होती. "बरं झालं आलीस. तुझा फोन दे जरा."

"कशाला?"

"दे तर."

तिनं दिला. बाबांनी एका बोटानं, एकेक अक्षर शोधत लिहिलं: शिलाई मशीन दुरुस्ती. सगळ्यात वर त्यांचं दुकान आलं. त्यांनी त्यावर बोट दाबलं, चांगलं जोरात, दारावरची घंटा वाजवल्यासारखं. मग फोन तिच्याकडे वळवला.

"हे बघ. तुझ्याही फोनवर पहिलं."

दारातून बूटवाला म्हणाला, "माझ्या फोनवरपण आहे काका. सकाळीच बघितलं."

"आणि वरच्या शिकवणीच्या बाई?"

"त्यांनी तर पोरांकडूनपण बघून घेतलं. सगळ्यांच्या फोनवर पहिलं."

"वा!" बाबा समाधानानं म्हणाले. बूटवाला आपल्या कामाला गेला. बाबा आवाज खाली आणून म्हणाले, "दोन-तीन महिन्यांमागे गिऱ्हाईक मंदावलं, तेव्हापासून रोज सकाळी बघतो गं. दुकान उघडलं की आधी हे. मग गिऱ्हाईक नसलं की परत एकदा. एकट्याच्या फोनवर दिसतं त्याचं काय घेऊन बसायचं, म्हणून चार लोकांना विचारतो. सध्या दिसतंय. पण आठवडा झाला की जातं. या वेळीही जाणार, मला माहीत आहे."

कार्डताई त्यांच्याकडे बघत राहिली. पोखरणारा तिच्या समोर स्टुलावर बसला होता. तेलकट फडकं खांद्यावर टाकून.

तिला हसू आलं, आणि लगेच रडूही आलं. पुलाखालच्या त्या गरीब माणसाची तिनं बसमधून येताना मनातल्या मनात किती शोभा केली होती! इथे गिऱ्हाईक नाही म्हणून बाबा दाबणार. दाबलं की पैसे संपणार. पैसे संपले की नाव जाणार. नाव गेलं की गिऱ्हाईक नाही. आणि ते गेलेलं नाव बघून हा माणूस रोज स्वतःच्या हाताकडे संशयानं बघणार.

"बाबा, ते वर बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचलंत का कधी?"

"जाहिरात? लिहिलेलं असतं. वर्तमानपत्रात त्या पानाचं नाव नसतं का वर, तसं. ते सगळ्यांनाच असेल."

त्यांचं बोट परत फोनकडे गेलं. तिनं घाईनं फोन ओढून घेतला.

"ते दाबू नका बाबा."

"का?"

तिनं खरं सांगायला तोंड उघडलं. तोंडातून भलतंच बाहेर पडलं. "दाबलं की झिजतं."

बाबा थबकले. झिजणं हा शब्द त्या दुकानात कोणी असाच वापरत नसे. दात झिजले की चाक सुटतं, टोक झिजलं की टाके सुटतात, पट्टा झिजला की मशीन नुसती घरघरते. निम्मं आयुष्य त्यांनी झिजलेल्या गोष्टी शोधण्यात घालवलं होतं.

"झिजतं? काय, काच?"

"काच नाही. ते नाव. दर वेळी दाबलं की थोडं थोडं झिजतं. म्हणून महिन्यात पुढे दिसत नाही. तुमचं काम उतरलंय म्हणून नाही."

"म्हणजे माझ्याच दाबण्यानं?"

"हो. तुमच्या, बूटवाल्यांच्या, बाईंच्या, पोरांच्या."

बाबांनी आपलं बोट डोळ्यांसमोर धरून बघितलं आणि मोठ्यानं हसले. कितीतरी महिन्यांचं ओझं उतरल्यासारखे हसले. "आणि मी आपला हाताला दोष देतोय! अरे, मग हे आधी नाही का सांगायचं कोणी?"

गोष्ट इथेच थांबली असती तर चाललं असतं. तिलाही तसंच वाटलं. उठावं, आईला फोन करून सांगावं, कार्डाला नाव द्यावं आणि घरी जाऊन पडावं. पण समोर बसलेला माणूस दुरुस्तीवाला होता. बिघाड अर्धा सापडला की त्याला झोप येत नाही. हसता हसता बाबा पुढे वाकले. त्यांनी समोरच्या मशीनच्या सुईवर नखानं टिचकी मारली.

"छकू, एक सांग. झिजलेलं ते झिजलेलं. ही सुई झिजली तर एक तारखेला आपोआप टोकदार नाही होत. हे नाव दर एक तारखेला परत वर येतं. म्हणजे कोणीतरी बदलतंय."

तिनं फोन मांडीवर पालथा ठेवला.

"कोण बदलतं?"

बाहेर बूटवाल्याची हातोडी ठक ठक वाजत होती.

"हे झिजतं ते कोणाचं झिजतं, छकू?"

"माझं," ती म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. कार्ड, मर्यादा, पगारातून जाणारे पैसे, वरचं ते बारीक अक्षरांतलं 'जाहिरात'. ती भरभर बोलत होती, कारण थांबली तर रडेल अशी भीती होती. बाबा ऐकत होते. त्यांनी कपाळावरचा चष्मा काढला, फडक्यानं पुसला आणि डोळ्यांवर न चढवता हातातच ठेवला.

"कधीपासून?"

"तुमचा हात मोडला तेव्हापासून."

"म्हणजे ती सगळी माणसं..."

"जाहिरात बघून आली."

एरवी ती पुढे काहीतरी गोड बोलली असती. तिला तेवढंही जमेना. "मी थकले बाबा," ती म्हणाली. "पैशांचं नाही एवढं. रोज दिवसभर लोकांची कार्डं चालू आहेत ना ते बघायचं, आणि मग हे एक. तुमच्याकडे यायचं तर राहूनच गेलं. मला वाटायचं, हे चालू आहे म्हणजे मी येतेच आहे."

बाबांना लागलं होतं, ते लपत नव्हतं. त्यांनी खालचा ओठ दातांखाली धरला.

"मी गावभर सांगत सुटलो," ते शेवटी म्हणाले. "काम बोलतं, काम बोलतं. आणि बोलत होतीस तू."

"तसं नाही हो बाबा."

"तसंच आहे. बंद कर ते."

"मग वर दिसणार नाही."

"नको दिसू दे."

"आई म्हणते..."

"आईला मी बघतो. लेकीच्या जिवावर मी दुकानदार म्हणून मिरवायचं? बंद कर म्हणतो ना. आत्ता. माझ्यासमोर."

तिनं फोनवर आधी जाहिरात थांबवली. मग कार्डांची यादी उघडली. सगळ्यात वर, सगळ्यांच्या आधीचं, तात्पुरतं. 'कायमचं बंद करा' वर बोट ठेवलं. नक्की का, असं फोननं विचारलं. कार्डताईनं आजवर शेकडो कार्डं मारली होती, एकदाही नाव परत वाचलं नव्हतं. आज वाचलं. तिनं दाबलं.

बाबा उठले. खिळ्यावरची किल्ली काढली आणि समोर फळीवर ठेवली. झालं. आपणच केलं. त्या भिंतीसमोर त्यांना आपणच नेऊन बसवलं. आईला काय सांगायचं हे तिला सुचेना.

बाबा परत स्टुलावर बसले आणि त्यांनी स्वतःचा फोन उचलला.

"आता काय बघताय?"

"दुरुस्ती केली की एकदा चालवून बघायचं असतं," ते कोरड्या आवाजात म्हणाले. तो त्यांचा नियम होता. बिघाड काढला, की गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी एक टाका घालून बघायचा.

त्यांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं. शिलाई मशीन दुरुस्ती. वर आता पुलाखालचा रंगीत दिवेवाला होता. त्याच्या खाली मशीन विकणारी कंपनी. बाबा बोटानं खाली सरकत गेले. मशीन कशी निवडावी. मशीन जुनी झाली तर काय करावं. दुसऱ्याच कुठल्या गावचे मशीनवाले. ती बघत नव्हती. ती किल्लीकडे बघत होती.

"छकू."

"हं?"

"हे कोण?"

खूप खाली, जिथपर्यंत सहसा कोणी जात नाही तिथे, त्यांचं दुकान होतं. वर 'जाहिरात' नव्हतं. एक फोटो होता, कोणीतरी बाहेरून काढलेला. जिन्याखालचं दार, मशिनींची रांग, आणि मशीनवर वाकलेली बाबांची पाठ. खाली कोणीतरी लिहिलं होतं: मशीन जुनी आहे, टाकून द्या, असं म्हणाले नाहीत. दुरुस्त करून दिली. त्याखाली आणखी एक-दोघांनी लिहिलेलं.

तिनं फोन हातात घेतला. मागची काही वर्षं ती हे दुकान पडद्यावर रोज बघत होती, आणि जाहिरातीच्या खाली ती एकदाही गेली नव्हती. तिच्या धंद्यात कोणी जात नाही. जाहिरातीखाली जे असतं त्याला ते लोक 'खालचं' म्हणतात, आणि तिकडे कानाडोळा करतात.

"हे तू लावलंस?"

"नाही बाबा. मी नाही. कोणी गिऱ्हाइकानं लावलं असेल."

"याचे पैसे?"

"याचे पैसे नसतात."

"कोणाचेच?"

"कोणाचेच."

बाबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. फोटोतली स्वतःची पाठ बराच वेळ बघितली. "किती वाकलोय मी," ते पुटपुटले. मग बोट वर उचललं, आणि काचेच्या जरा अलीकडेच थांबवलं.

"हे दाबलं तर झिजतं का?"

तिनं मान हलवली. नाही.

त्यांनी दाबलं. हळूच, तपासून बघावं तसं. मग आणखी एकदा. मग फोन खाली ठेवून त्यांनी फळीवरची किल्ली उचलली, परत खिळ्याला अडकवली, आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "पुढच्या शनिवारी ये. ती मागच्या रांगेतली मशीन कोणी न्यायला येत नाही. चालू करून तुलाच देतो."

"येते."

ते दारापर्यंत गेले. बूटवाला बूट मांडीवर घेऊन बसला होता.

"अहो, जरा तुमच्या फोनवर बघा," बाबा म्हणाले. "वर नाही. खाली जा. अजून खाली... अजून खाली."